आतल्या बाजूची मूठ

लाऊथच्या बाहेर, बीटच्या शेताला लागून
पत्र्याच्या शेडमध्ये ती लॉरी उभी आहे :
एकोणीसशे एकसष्टची, बोथट नाकाची,
एक दिवा फुटलेला.
तीस वर्षं तिच्यात कोंबड्या राहिल्या.
मी अक्षरं रंगवते. मला तेवढ्यासाठीच बोलावलंय.

पात्याने खरवडत गेलं की थर निघतात.
आधी अंड्यांच्या धंद्याचा हिरवा,
त्याखाली कुणीतरी घाईत फासलेला करडा,
मग निळा,
आणि निळ्यात, पापुद्र्याखाली दबून बसलेलं
'हॅलगार्थ फ्रोझन पीज'.
शेवटच्या अक्षराचा पाय जरा लांब.
माझ्या आधीच्या कुणाचा तरी हात तिथे घसरला होता.
ती चूक मी तशीच ठेवणार आहे.

निळा नेमका कोणता, हे विचारायला
हॉरेस कटफर्थना आणलं. वय सत्त्याऐंशी.
सून म्हणाली, हल्ली नावं राहत नाहीत त्यांच्या लक्षात,
माझंसुद्धा.
त्यांनी रंगपट्टीकडे पाहिलंच नाही.
"रात्री प्लग लावला होता का?"

रात्रभर खाऱ्या पाण्याच्या प्लेटा गोठवायच्या,
पहाटे चारला निघायचं,
शेफील्डपर्यंत तो गारठा
उन्हाळ्यातल्या पाण्यासारखा पुरवून वापरायचा,
दार दोनदा उघडलं तरी एकदाच लिहायचं —
हे त्यांनी नाही सांगितलं.
सीटखालच्या वहीत सापडलं मला,
उंदरांनी एका कोपऱ्याकडून वाचत आणलेल्या.

ऑगस्टची दुपार. पत्रा तापलेला.
मागचं दार ओढून ते आत चढले
आणि चढता चढता
कोटाची बटणं लावली. गळ्यापर्यंत.

आत बुचाचा भुगा, पिसं,
कोंबड्यांचा जुना, आंबूस वास.
दाराच्या आतल्या बाजूची पितळी मूठ
त्यांनी न बघता चाचपली.
फिरवली. अडली.
पुन्हा फिरवली. सुटली.
"आधी ही बघायची," मला म्हणाले, "मग माल.
नवी पोरं विसरतात. ऑब्रे विसरला होता."

ऑब्रेचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.
सुनेनेही नाही. तिने ते नाव
पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग ते उतरले, बटणं सोडली,
मानेवरचा घाम पुसला
आणि पट्टीवरच्या तिसऱ्या निळ्यावर बोट ठेवलं.
"हा.
पण ओला असताना."