कौल वाजवून बघताना

बाबा कौल घ्यायचे डाव्या हातात,
उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर
एकदाच मारायचे.
ठण्ण म्हटलं तर गाडीत,
भद्द म्हटलं तर बांधावर.
खानापुरात चाळीस वर्षं त्यांचं काम एवढंच:
मलप्रभेकाठची तांबडी माती
बोलते की नाही, ते ऐकणं.

तिमा गेला तेव्हा सव्वीसचा होता.
लोंढ्याच्या रुळांजवळ सापडला, दारूच्या वासासकट.
चप्पल एकच मिळाली.
तीन वर्षं चर्चची पायरी चढला नव्हता,
आणि घरातून निघताना आईला जे बोलला
ते आम्ही कुणी परत उच्चारलं नाही.

माळगी पाळक आले. टोपी मांडीवर ठेवून म्हणाले,
"बर्नबास, आत्मा मरत नाही.
मातीत देवानं स्वतःचा श्वास फुंकलाय.
तो विझेल कसा?"
बाबांनी चहा पुढे केला.
"मग आमचा तिमा आत्ता कुठं असेल, साहेब?"
पाळकांनी बशीत चहा ओतला
आणि तो पार निवेपर्यंत
बशीतच बघत राहिले.

आई पास्कोला, माहेरची कॅथलिक.
तिला मधलं एक ठिकाण ठाऊक होतं,
जिथं मळ जळतो, माणूस नाही.
दोन नोव्हेंबरला आमच्या मेथडिस्ट दफनभूमीत
पदराआड मेणबत्ती लावली तिनं.
वाऱ्यानं विझली. लावली. विझली.
सातव्यांदा काडेपेटी संपली.

नथनेल काका शनिवार पाळणारे.
"काय बोलालाईस, दादा? नीट वाच की.
मातीत जीव ठेवला असं कुठं हाय?
माती जीव झाली.
आणि माणूस मुळातच अमर असता
तर त्या झाडाला पहारा कशाला बसवला असता?
तिमा झोपलाय. हाक येईतोवर त्याला काय बी कळत नाही."
"आणि हाक आल्यावर?"
"ज्याला द्यायचं त्याला देईल. बाकीची राख."
आई चुलीपासून म्हणाली, "राख म्हणजे नसणंच की."
"जळत राहण्यापरीस बरं नव्हं, वहिनी?"
तव्यावरची भाकरी करपली.
कुणी उतरवली नाही.

रात्री मी भट्टीवर डबा घेऊन गेले.
भट्टी बंद करून दुसरा दिवस,
तोंड चिखलानं लिंपलेलं,
भिंतीला पाठ लावून बाबा ऊब घेत बसलेले.
"सुवार्ता, कच्च्या कौलात नाद असतो काय गं?"
"नसतो."
"भाजल्यावर येतो. मी तर घालत नाही.
आणि फुटलं की जातो कुठं?"
मला काय माहीत. मी डबा उघडला.
त्यांनी एक घास हातातच धरून ठेवला.
"चाळीस वर्षं आग लावालोय.
कायमची पेटती ठेवलेली भट्टी बघितलीस कधी?
आग कामासाठी असते.
काम झालं की निवू देतात तिला.
एवढं त्याला कळत नसंल?"
मग स्वतःच दचकले,
कानाची पाळी चिमटीत धरली
आणि घास खाल्ला.

पाचव्या दिवशी तोंड फोडलं.
ठण्ण, ठण्ण, भद्द, ठण्ण.
हमाल गाडीजवळ विड्या फुंकत उभे.
मध्येच एक कौल बाबांनी वाजवलं,
भद्द. पुन्हा वाजवलं.
दोनदा वाजवताना मी त्यांना
त्याआधी बघितलं नव्हतं.
कौल कानाशी नेलं,
जसं तान्ह्या पोराची छाती ऐकावी,
आणि गाडीत नाही, बांधावर नाही,
चिंचेखाली वेगळं ठेवून दिलं.
संध्याकाळपर्यंत तिथं ते एकटंच होतं.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली.
दफनाच्या वेळी पाळकही बोलले, काकाही बोलले,
दोघांनी आपापलं सांगितलं. मी दोघांना आमेन म्हटलं.
ते कौल माझ्या परसात आहे,
रांजणावर झाकण म्हणून.
पाणी काढताना कधी बोट मारते.
भद्द.
थंडीत, पहाटे, जरा वेगळं वाटतं.
माझ्या कानाचंही असेल.