हातचा

भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं
मी मायक्रोमीटर लावून लोखंड नापास करायचो.
केसाच्या विसाव्या भागाइतकी चूक,
की लाल खूण, की भंगाराची पेटी.
निवृत्तीनंतर कुणीतरी म्हणालं, मुलांना वाट दाखवा,
तेव्हापासून दर शनिवारी मी गुलटेकडीला येतो,
दोन बस बदलून,
खिशात तेच लाल पेन.

नाझनीन बागवान. बारावी, विज्ञान.
महापालिकेच्या अभ्यासिकेत
पंख्याखालची खुर्ची सोडून बसते,
कारण पंखा कागद उडवतो.
पहिल्या दिवशी तिनं 'सर' म्हणून हाक मारली
आणि मी मागं वळून पाहिलं,
कोण आलंय म्हणून.

शिष्यवृत्तीचा अर्ज अकरा पानांचा.
उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला,
दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव
यांच्यात एका वेलांटीचं भांडण.
ते मिटवायला तीन मंगळवार गेले.
तिच्या अब्बांचा तीन मंगळवारांचा धंदा
अर्जातल्या कुठल्याच रकान्यात बसला नाही.

सातव्या पानावर होतं:
आपल्यापुढील अडचणी पाचशे शब्दांत लिहा.
तिनं नव्वद लिहिले.
मी म्हटलं, वाढव.
ती म्हणाली, "सर, अडचण आहे,
पण ती पाचशे शब्दांची नाही."

मी अनुभवी माणूस.
म्हटलं, समितीला दिसायला हवं ना, पोरी.
आईचं दुखणं, गळकं छप्पर, असं काही.
"छप्पर गळत नाही.
मागच्याच वर्षी अब्बांनी पत्रे बदलले."
असं म्हणाली, की जणू मी तिच्या घराचा अपमान केला होता.
केलाच होता.

पुढच्या शनिवारी पाचशे शब्द आणले, मोजून.
अडचणींवर चाळीस.
बाकी सगळे लिंबांवर:
पहाटे साडेतीनला मार्केट यार्डात गोणी उलटी केली
की अब्बा न बघता, नुसत्या तळहातानं,
चार प्रतींचे चार ढीग कसे लावतात;
आणि ती वीसच लिंबं उचलून
अख्ख्या गोणीत डागी किती निघतील ते कसं सांगते,
कितीदा चुकते,
आणि का चुकते.

आम्ही याला नमुना-तपासणी म्हणायचो.
ती शिकायला कंपनीनं मला नाशिकला धाडलं होतं,
आठ दिवस, भत्त्यासकट.
मी लाल पेनाचं टोपण काढलं,
बराच वेळ काढूनच ठेवलं.
शेवटी एक अनुस्वार दिला.

मुलाखत एरंडवण्यात, दुसऱ्या मजल्यावर.
मी खाली, वॉचमनच्या स्टुलावर,
वॉचमन उभा.
चौदा मिनिटांनी ती उतरली.
काय विचारलं?
"लिंबाचा भाव."
मग तू काय सांगितलंस?
"कुठल्या प्रतीचा, ते विचारलं."

मे महिन्यात पत्र आलं.
फी मंजूर.
पुस्तकं, बसचा पास, लॅपटॉप नामंजूर.
मी अभिनंदन म्हटलं, ती थँक्यू म्हणाली,
दोघंही खिडकीकडे बघत.
खाली कुणीतरी रिक्षाला किक मारत होतं,
ती काही केल्या सुरू होईना.

मग अर्जाच्या पाठकोऱ्या कागदावर
मी उरलेल्या खर्चाची बेरीज मांडली.
तिच्या शिकवण्या, अब्बांचे दरमहा इतके,
आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात,
नाव न घालता, माझ्या पेन्शनमधली एक रक्कम.

तिनं कागद स्वतःकडे फिरवला.
तळाच्या ओळीवर बोट थांबलं,
पण ती त्याबद्दल काही बोलली नाही.
"सर, चुकलंय."

जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोजलेला मी
चष्मा पुसू लागलो.
तिनं माझंच लाल पेन घेतलं,
दशकाच्या डोक्यावर एक बारीकसा एक लिहिला.
"हातचा धरायचा राहिला," म्हणाली,
आणि एककापासून
बेरीज पुन्हा करू लागली.