पाऊणकी

आईने बॅग मासळीच्या काट्याला टांगली.
बावीस किलो सहाशे.
चारशे ग्रॅमची जागा आहे म्हणताच
ती आत गेली आणि कुळथाच्या पिठीची
आणखी एक पुडी घेऊन आली.
संकष्टी होती. चंद्र बघून, जेवून, भांडी घासून
घर आता झोपल्याचं सोंग करतंय.

रिक्षा तीनला सांगितलीय.
गाडी कणकवलीहून पाच-दहाची,
पण रामगडच्या पुढे रस्ता खोदलाय, दिगू म्हणाला,
लवकर निघू.

चतुर्थी. चार पाऊण तीन.
म्हणजे तीनला खाडी तुडुंब असणार.

आजोला हा एकच पाढा येत होता.
शाळा दुसरीत सुटली, बाकीचे आकडे
वल्ह्याखाली गेले,
पाऊणकी तेवढी राहिली.
तिथीची पाऊण केली की भरतीची वेळ.
पंचमीला पावणेचार.
अष्टमीला सहा, पण तेव्हा भांग, पाण्यात जीव नाही.
एकादशीला सव्वाआठ.
कॅलेंडरवर, लोक जिथे दुधाचा हिशेब लिहितात,
तिथे त्याच्या पेन्सिलीचे आकडे.
अक्षर एकही नाही.

चौथीत मी गणितात नापास झाले
तेव्हा त्याने मला जेटीवर नेऊन बसवलं.
अंगाला मुशीच्या तेलाचा वास,
दोन बोटं जाळ्याच्या दोरीने वाकवलेली.
त्याच बोटांनी मोजायचा,
कमी पडली की माझी घ्यायचा.
"सात?"
"सव्वापाच."
"पाण्याक इचार."
मग आम्ही थांबायचो. पाणी
तिसऱ्या पायरीला लागून घोटाळायचं,
एखादं वाळकं पान
ना आत जायचं ना बाहेर.
"बरोबर," तो म्हणायचा,
मला की पाण्याला, कोण जाणे.

ओरोसच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
जिथून खाडी दिसत नाही,
त्याने नर्सला विचारलं, "बाय, आज तिथ काय?"
तिने तारीख सांगितली.
त्याने पुन्हा विचारलं.
तिने पुन्हा तारीखच सांगितली, जरा मोठ्याने.
हे मला मावशीने सांगितलं.
माझा त्या दिवशी शरीरशास्त्राचा पेपर होता.
पास झाले. आता मीही नर्स आहे,
आणि सास्काटूनला चालले आहे,
जिथून जवळचा समुद्र दोन दिवसांच्या वाटेवर.
नकाशा पाहून बाबा एवढंच म्हणाले,
"मग मासे?"

रिक्षा आली. तीन वाजून पाच.
पाणी माडांच्या मुळांना टेकलंय,
चंद्र बरोबर डोक्यावर, काही हलत नाही.
"चल गो," दिगू म्हणाला. बॅग चढली.
आई म्हणाली देवाच्या पाया पड, पडले.
आणि मग पायरीवर जाऊन बसले.

"भरतेर निघा नकात रे.
सुकती लागांदे. मगे पाणीच व्हरता."
हे तो मला कधी म्हणाला नाही, मी कुठे जाणार होते.
होडीत चढणाऱ्या पोरांना म्हणायचा,
मी काठावर बसून बोरं खात असायचे.

मला जायचंय डांबरी रस्त्याने.
रिक्षाला पाणी ढकलणार नाही.
दिगूचा हात हॉर्नवर. बाबा घड्याळाकडे,
माझ्याकडे, परत घड्याळाकडे.
आईला काहीतरी कळलं असावं;
तिने चहा टाकला.

पाण्यावर एक करवंटी.
बराच वेळ जागच्या जागी.
मग तिचं तोंड फिरलं.

तिकडेही चतुर्थी येईलच,
बर्फात, कुठल्यातरी तारखेच्या आड.
चार पाऊण तीन.
काय भरतं तिथे तीनला, बघू.

चहा फार गोड झाला होता. सगळा प्यायले.
करवंटी पुलाखालून गेली.
मी उठले.