मुठीची कवळी

रिव्हॉल्व्हर मी पाहिलंच नाही.
ते आचारसंहितेपायी पोलीस ठाण्यात जमा,
हरेश्वर भोईरांच्या खिशात त्याची चौघडी पावती.
चराईतल्या माझ्या माळ्यावर आल्या
त्या मुठीच्या दोन पट्ट्या,
श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, कापसावर,
आणि एक स्क्रू.

उजवी शाबूत.
डावीचा खालचा कोपरा उडालेला,
तिथून भेग चढत गेलेली स्क्रूच्या भोकापर्यंत.
"तुम्ही कवळ्या बनवता ना ताई,
मग हे काय वेगळं?
बंदूकवाला म्हणतो नवीन बसवा.
मला नवीन नको."

वेगळं नव्हतंच.
कानस फिरवली आणि गंधकाचा वास आला,
जुना, ओळखीचा.
पाठारे डॉक्टरांच्या वडिलांच्या काळात
कवळ्या याच काळ्या रबराच्या शिजत.
एकाच भट्टीतलं,
कुणाच्या टाळूला गेलं,
कुणाच्या तळव्याला.

आधी वाटलं, सोपं आहे.
उजवीचा साचा घ्यायचा, डावीला लावायचा.
प्लास्टर कालवलंसुद्धा.
मग एकटीच हसले:
सव्वीस वर्षं या धंद्यात,
आणि विसरले की उजवी दाढ
डावीकडे बसत नसते.
प्लास्टर वाटीतच धरलं.

गुलाबी अॅक्रिलिक होतं डबाभर.
पण रिव्हॉल्व्हरला हिरडी?
तेव्हा खालचा खण ओढला,
कुणी न नेलेल्या कवळ्यांचा.
दवाखाना विकला तेव्हा खुर्ची गेली, पाटी गेली,
हा खण माझ्या वाट्याला आला.
एका काळ्या कवळीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी:
सौ. किणी. बाकी रु. ४.
पुढचे दात निखळलेले,
टाळू मात्र ठणठणीत.
बाई, घेते हं, म्हटलं
आणि करवत लावली.

जाळी कोरायला तीन रात्री गेल्या.
भिंगाखाली रेघ, रेघेवर तिरकी रेघ,
प्रत्येक दाण्याला टोक यायला हवं.
टोकं आली, आणि तुकडा उपरा दिसू लागला.
जुन्याशेजारी नवं बसवायचं
तर ते झिजवावंही लागतं,
ज्यानं झिजवलं त्याच्यासारखंच.
म्हणून मग नीट पाहिलं.
डाव्या पट्टीवर तळव्याची सपाट जागा.
उजवीवर बोटांच्या तीन उथळ खळग्या.

घ्यायला आले तेव्हा सहज म्हणाले मी,
"वडील डावखुरे होते तुमचे."
"छे!
कोपरीच्या मिठागराचे मुकादम पदाजी भोईर,
जेवण उजव्यानं, सही उजव्यानं,
मजुरी मोजायचे तीही उजव्यानं.
होडीतून पगाराची पेटी यायची
म्हणून तर हे यंत्र.
एकदाही उडवलं नाही."

मी पट्ट्या पुढे केल्या.
त्यांनी डावी डाव्या तळव्यावर ठेवली,
बोटं मिटली.
बराच वेळ खालच्या रिक्षाचं इंजिन ऐकत बसलो आम्ही.

"मारायचे मात्र डाव्यानं,"
ते म्हणाले,
आणि उजव्या गालावरून हात फिरवला,
जसा दाढी झाली का ते पाहताना फिरवतो माणूस.

मग एकदम घाई.
किती झाले, सुटे आहेत का,
निकालानंतर सोडवून आणेन, तेव्हा बसवेन,
स्क्रू तेवढा जपून द्या.
कोपरा कुठून आणला ते विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही
की त्यांच्या बापाच्या तळव्याखाली आता
एका परक्या बाईचं टाळू आहे.

जिन्यावरून ते उतरेपर्यंत
चिठ्ठीवरचे चार रुपये मी खोडले
आणि उरलेली कवळी खणात ठेवली.

वाटीतलं प्लास्टर
अजून निघालेलं नाही.