भरतीला शपथ नाही

फंडीच्या आखातात पाणी दिवसातून दोनदा चढतं,
दोनदा उतरतं, आणि उतरताना
धक्क्याखालच्या होड्यांना चिखलात बसवून जातं,
ओणवं उभं राहायची शिक्षा झालेल्या पोरांसारखं.

मी कोर्टात बोललेलं टिपते. एकवीस वर्षं झाली.
खोकला टिपत नाही.

आल्फे दूसे म्हणाला, रात्री दोनला
माझी होडी चिखलात रुतली होती.
रुतलेली होडी कुठे जाणार, साहेब?
पुतण्याची जळाली ती आपसूक जळाली असेल.
डिझेलचा काय भरवसा.

सरकारी वकिलांनी निळं पुस्तक उघडलं.
भरती-ओहोटीचं कोष्टक, पान एक्केचाळीस,
त्या रात्रीची पूर्ण भरती : एक बावन्न.
न्यायमूर्ती मॅकॲस्किलनी चष्मा कपाळावर ढकलला,
म्हणाले, न्यायालय याची दखल घेत आहे.
झालं.
समुद्राला पिंजऱ्यात उभं केलं नाही.
त्याची उलटतपासणी नाही,
दारू प्यायला होतास का, कुणी विचारलं नाही.
चंद्राच्या नावे समन्स निघालं नाही.
जे सगळ्यांना ठाऊक, ते शाबीत करावं लागत नाही.

मागच्या बाकांवर अख्खं गाव बसलेलं.
होडी कुणी पेटवली ते त्या सगळ्यांना ठाऊक होतं :
बेकरीवाल्याला, पाद्रीबाबांना,
आल्फेच्या कुत्र्यालासुद्धा.
त्या ठाऊक असण्याची दखल नाही.
त्याचं कोष्टक कुणी छापत नाही.

मग झेली दूसे.
नवरा घरी कधी आला? साडेतीनला.
बूट? ओले.
वास? डिझेलचा.
पण तो नेहमीच येतो, लग्नातही येत होता.
कुणीतरी हसलं. तेही मी टिपलं नाही.

आणि घरात आल्यावर तो तुम्हाला काय म्हणाला?

बचावाचे वकील अर्धे उठले.
न्यायमूर्तींनी त्यांना हातानेच बसवलं,
आणि परक्या गावात चुकलेल्या माणसाला
रस्ता सांगावा तसं सांगितलं :
बाई, संसारात नवरा तुमच्याशी जे बोलला
ते उघड करायची तुमच्यावर सक्ती नाही.
सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं.
त्याने नाही. वकिलांनी नाही. मीही नाही.

घर आल्फेच्या नावावर.
होडी बँकेच्या.
गाडी दिराची, माहेरची जमीन भावांची.
आणि रात्री साडेतीनला, चुलीशी,
दबक्या आवाजात बोललेलं एक वाक्य
तेवढं तिचं.

ती आल्फेकडे बघत राहिली.
तो स्वतःच्या बुटांकडे.
माझी बोटं अधांतरी.
यासाठी माझ्या यंत्रात कळ नाही.

नाही सांगणार, ती म्हणाली.
आणि मग, कुणी विचारलेलं नसताना,
आज नाही.

आल्फेने मान वर केली.
ते कागदावर नाही, पण मी पाहिलं.

मधल्या सुट्टीत ती नळाशी भेटली.
हात धूत होती, साबण संपला होता तरी.
मी गप्प होते तेव्हा तुम्ही काय लिहिलंत?
काहीच नाही, मी म्हटलं.
वाण्याचं बिल बरोबर निघावं
तशी तिने मान हलवली.
मग म्हणाली, आज ओहोटी किती वाजता?
पुस्तकात बघावं लागेल, मी म्हटलं.
बघा की, ती म्हणाली. हे तर कुणालाही विचारता येतं.

खिडकीबाहेर होड्या एकेक करून
तळाला टेकत होत्या.