मुळांचं कलम

मोडी वाचते मी. पानाला साठ रुपये,
फाटलेलं असेल तर पंच्याहत्तर.
दगडी दप्तरखान्यात खिडकीपासून चौथं टेबल.
पेन आणायला बंदी, फक्त पेन्सिल.

आजचा महजर कसबे पुण्याचा.
रुमाल सोडला तर आधी शिंक आली,
मग तारीख : सुहूर सन, रबिलाखर महिना.
जुन्नरी कागद, कडेला कसरीनं खाल्लेला.
वर फारसी मोहर, जरा तिरकी : काझी नजमुद्दीन.
खाली नागो अनंत कुळकर्ण्याची मोडी,
हात न उचलता धावणारी.

राहतबी, लाडन मुलाण्याची लेक,
नागझरी ओलांडून मजलिशीत आली.
म्हणाली, बाप मेला. भाऊ दावल म्हणतो तुझं काही नाही.
किताब काय म्हणते?

काझीला किताब उघडावी लागली नाही.
लेकाचे दोन, लेकीचा एक. म्हणजे तिसरा वाटा.
बाई, हा मी देत नाही तुला,
म्हणून मला काढूनही घेता येत नाही.

तेवढ्यात हवालदाराच्या माणसानं
खलित्यातून दुसरा कागद काढला. जाबता पातशाही.
इनामाची अर्धा चावर जमीन
लाडनची नव्हतीच. पातशहाची.
जो मशिदीत दिवा लावील, गावाची सुरी चालवील
त्यानं खावी. वाटणी नाही, विक्री नाही.
बाई दिवा लावीत नाही, असा दस्तूर.
(इथं नागोपंतानं एक शब्द खोडलाय.
दोनदा भिंग धरलं. लागत नाही.)

एका जाजमावर दोन कायदे मांडी घालून बसलेले,
एक आभाळातून उतरलेला, एक विजापुराहून आलेला,
आणि दोघांच्या मधे राहतबी, उभी.

मग मेसोजी पाटील बोलला. तो ना शरा शिकलेला
ना जाबता. म्हणाला,
झाडांचं काय?
झाडं लाडनच्या बापानं लावली. पाणी त्याचं, कंबर त्याची.
पातशहानं माती दिली,
कोय दिली नव्हती.

काझी हसला असेल का? महजरात हसू लिहीत नाहीत.
लिहिलंय ते असं :
“झाडें नव. पैकीं तीन बाईचीं, चिंचा दोन, जांभूळ येक.
भुई सरकारची, दावलाकडे चालावी.
बाईनें फळ न्यावें. भुईस हात लावूं नये.”

आणि मुळं?
पडलेलं जांभूळ कुणाचं, भुईला टेकल्यावर?
त्या जागी कागदच नाही. कसर.

गेल्या वैशाखात हवेलीच्या निबंधक कचेरीत
मीही बसले होते, टोकन नंबर एक्केचाळीस.
मला वाटा देणारं कलम छापील आहे,
भावाएवढाच, गुंठाभरही कमी नाही.
त्याच्याहून जुनं एक कलम आहे, ते कुठंच छापलेलं नाही :
माहेर तुटू नये.
कॅमेऱ्याकडं बघा, म्हणाला पोरगा. अंगठा दाबा. परत दाबा.
हक्कसोड झाली.
बाहेर भावानं उसाचा रस पाजला, आलं घातलेला,
पैसे त्यानंच दिले.
बांधावरचं सीताफळ मी लावलं होतं, सातवीत असताना.
विचारायचं सुचलंच नाही.
माझ्याकडून मेसोजी कुणी नव्हता, हे खरं,
पण तोंड तर मलाही होतं.

महजराच्या तळाशी निशाण्या.
पाटलाचा नांगर. सुताराची किकरी.
आणि राहतबीची बांगडी, शाईत बुडवून टेकलेली,
एका बाजूला फिकी.
लिप्यंतरात एवढंच लिहायचं असतं : निशाणी बांगडी.
लिहिलं.
मग हातातली काढून कागदावर ठेवली,
माझ्या कागदावर, त्यांच्या नव्हे,
आणि पेन्सिल फिरवली भोवतीनं.
गोल तिच्याहून मोठा आला.
साहेब म्हणाले, हे काय?
म्हटलं, खोडते.
अजून खोडलं नाही.