परतीचं डिझेल

बोरामणी नाक्याच्या पुढं
टायरवाला आणि बंद वजनकाटा यांच्या मधे
इलाही नदाफचं दुकान. पाटी नाही.
अडतीस वर्षं तो डिझेलचा खोकला ऐकतोय,
बोनेट उघडायच्या आधीच सांगतो, कुठला नंबर.

"काय बे नागनाथ, परत आलास?"

आलो. संक्रांतीपासून चौथ्यांदा.
पहिल्यांदा तुळजापूरच्या घाटात, साडेसातशे टॉवेल पाठीवर.
दुसऱ्यांदा टाकळीच्या पुलाअलीकडं,
वर ऊन, मागं उसाच्या ट्रॅक्टरांचे भोंगे.
तिसऱ्यांदा तर दारातच:
गाडी सुरू झाली, पांढरा धूर सोडला
आणि आतून कुणी कडी वाजवावी तशी
टक् टक् टक्.
दर वेळी तिसरा इंजेक्टर.
नवा परवडत नाही. दुरुस्त केलेला,
वॉरंटी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत.

इलाहीनं चार बाटल्या टांगल्या, चार नळ्या,
सिव्हिलच्या वॉर्डात असतात तशा.
फक्त इथं थेंब मोजायचे ते परतीचे,
जे जळायला निघालं होतं
आणि वाटेतूनच माघारी आलं.
पहिली, दोन बोटं. दुसरी, दोन बोटं. चौथी थोडी कमीच.
तिसरी गळ्यापर्यंत.

"तिसराच का मरूलालाय?"
"घरात पाच पोरं असतेत, ताप एकालाच येतोय.
मला काय ठाऊक."

त्यानं टोक भिंगाखाली धरलं.
भोकांच्या कडा खाल्लेल्या, तांबूस.
मी विणकराचा पोरगा. आमच्या मागावर
ऐंशी नंबरचं सूत म्हणजे बारीक.
या भोकासमोर ते दोरखंड.

मग टाकीतलं डिझेल काचेच्या ग्लासात.
चहा येईपर्यंत राहू दे म्हणाला.
चहा आला. ग्लासाच्या बुडाशी पाणी बसलं होतं
शहाण्यासारखं, मांडी घालून.

"कुठं भरतोस?"
"पंपावर."
"कुठल्या?"
मी वजनकाट्याकडं बघत राहिलो.

विडी घरकुलात, पत्र्याच्या शेडमागं
थोरल्या राजय्याचे दोन ड्रम आहेत.
माग भंगारात गेले, जनरेटर गेला, ड्रम राहिले.
कर्नाटकातून कॅननं डिझेल आणतो,
लिटरमागं दोन रुपये सुटतेत म्हणतो.
गिऱ्हाईक मी एकटा.
आधी एकदा नुसतीच पाचशेची नोट दिली होती,
वहिनीच्या हातात.
तिसऱ्या दिवशी माझ्या सीटखाली सापडली,
चार घड्या घातलेली.
डिझेलचे मात्र घेतो. मोजून घेतो.
सुट्टे परत देतो.

यातलं काही मी इलाहीला सांगितलं नाही.
त्यानं टाकी उतरवली, धुतली, उन्हात उलटी ठेवली,
तिच्यातून गंज पडला, मूठभर, चहापत्तीसारखा.
मग नळ्या गुंडाळता गुंडाळता म्हणाला,
"मला नटबोल्ट धुवायला डिझेल लागतंय.
पाण्याचं असलं तरी चालतंय.
शनिवारचं शनिवारी आणून टाकत जा.
अर्धे पैसे देतो. अर्धे गेले समज."

शनिवारी राजय्यानं तोंडानं नळी ओढली,
थुंकला, भरायला टाकीकडं वळला.
कॅनमधेच दे म्हणालो, लांब जायचंय.
त्यानं कॅन काठोकाठ भरला,
झाकण दोनदा आवळून बघितलं,
आणि ओला तळहात बोनेटवर ठेवला.
इंजिन चालू होतं. चारही नंबर एका तालात.

"ऐकूलालास ना," तो म्हणाला,
"आपल्या डिझेलनं कशी सुधारली."